कण्हण्यात घातलेले शब्द

शनिवारी सकाळी अकरा वाजता डब हॅस्किन्सचा फोन आला, तेव्हा अर्झेटा टॉलिव्हर केसांना तेल चोपडत आरशासमोर बसली होती. तेलकट हातानंच तिनं रिसीव्हर उचलला.

"बसलीयस का? नसशील तर बस," डब म्हणाला. मेम्फिसमध्ये तिची गाणी टेपवर घेणारा माणूस तो, स्टुडिओही त्याचाच. "आज एक वाजता रेडिओवर लावतोय तुझं गाणं. ब्रदर कॅनन. दुपारच्या कार्यक्रमात अगदी पहिलं."

"आज? तू तर पुढच्या शुक्रवारी म्हणाला होतास."

"ऐकलं आणि त्याला राहवेना. मग? आनंदानं ओरड तरी!"

"डब, त्याला म्हणावं आज नको. पुढच्या आठवड्यात लाव."

"अगं बये, लोक तबकड्या काखेत मारून त्याच्या दारात बसून असतात. आणि तू म्हणतेस आज नको?"

"मला मम्माशी बोलायचंय आधी."

"मग बोल की. फोन कशासाठी असतो?" डब हसला आणि त्यानं फोन ठेवला.

फोनवर सांगण्यासारखी गोष्ट असती तर ती कधीच सांगून झाली असती. मार्चात गाणं टेपवर गेलं, आता जून संपत आला होता. दर रविवारी अर्झेटा पन्नास मैल गाडी हाकत गावी जायची, माउंट पिस्गाच्या चर्चमध्ये गिटार वाजवायची, मम्माच्या घरी जेवायची. दर रविवारी ठरवायची, आज सांगायचंच. मग मम्मा उद्यासाठी म्हणून ताटलीत कोंबडी घालून वर कागद बांधून द्यायची आणि अर्झेटा ती ताटली घेऊन मुकाट्यानं परत यायची. छत्तीस वर्षांची बाई, दारुड्यांनी भरलेल्या गुत्त्यात एका तारेनं सगळ्यांना गप्प करणारी. आईसमोर मात्र तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

तरी तिनं घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग आठवलं, आज चर्चचा वर्धापनदिन, मासे तळायचा दिवस. मम्मा सकाळपासून चर्चच्या स्वयंपाकघरात असणार. आणि तिथल्या फळीवर रेडिओ होता. तो कधी बंद नसायचा आणि ब्रदर कॅननच्या स्टेशनाखेरीज दुसरीकडे लागलेलाही नसायचा.

अर्धं डोकं तेलाचं, अर्धं कोरडं. वरून रुमाल बांधून ती तशीच गाडीत बसली.

एक्कावन्न नंबरच्या रस्त्याला लागल्यावर तिनं हिशेब केला. रस्ता मोकळा मिळाला तर सव्वाबारा. मम्माला बाहेर झाडाखाली न्यायचं, सांगायचं, आणि एक वाजायच्या आत तिला घरी घेऊन यायचं. घरचा रेडिओ बिघडलाय असं सांगता येईल. पण मग चर्चमधल्या बाकीच्या ऐकतीलच. त्या संध्याकाळी येऊन सांगतील. मग तिनं हिशेब करायचं सोडलं आणि पाय आणखी दाबला.

गोष्ट होती मम्माच्या कण्हण्याची.

रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी, चर्चचे धर्मगुरू एल्डर ग्रेडी आपल्या खोलीतून बाहेर यायच्याही आधी, पिस्गाच्या म्हाताऱ्या बायका पुढच्या बाकावर येऊन बसत. तेव्हा ढोल नाही, ऑर्गन नाही, टाळी नाही. कुणीतरी एक ओठ मिटून कण्हायला लागे. शब्द नसे, नुसता सूर, छातीतून निघून लांबत जाणारा. मग दुसरी त्याच्याखाली आपला सूर सरकवी. प्रत्येकीचं वेगळं. बाहेरून चालत येणाऱ्याला रस्त्यावरच कळायचं, आज कोण आलीय आणि कोण आजारी आहे. लुवेनिया टॉलिव्हरचं सगळ्यांत खालून यायचं. चढता चढता मध्येच अडखळायचं, फुगलेलं दार चौकटीत अडकावं तसं, आणि मग एकदम सुटायचं. ते सुटलं की सगळ्या बाकावरून हिसका जायचा. शब्दांत प्रार्थना केली तर सैतान कान लावून ऐकतो, कण्हणं मात्र फक्त देवाला कळतं, असं त्या भागातली म्हातारी माणसं म्हणतात. मम्माचा त्यावर पक्का विश्वास होता.

अर्झेटा त्या बाकाखाली रांगत मोठी झाली. अकराव्या वर्षी तिच्या गळ्यात चर्चची विजेची गिटार आली. चोविसाव्या वर्षी तिची पहिली तबकडी निघाली. गाणी चारही देवाचीच, पण गिटार अशी कडाडत होती की दोन गावच्या एल्डरांनी ती परत पाठवली. मग ब्लूजची मोठी तबकडी झाली. मग ढोल आणि बास मागे घेऊन आणखी एक, त्यात तर भिंती हलत होत्या. गाणं दारूचं असो की देवाचं, आवाज तोच, पिस्गाच्या पुढच्या बाकावरचा. समुद्रापारची पोरं लांबलचक पत्रं लिहून विचारायची, हा आवाज कुठे शिकलात. मम्मानं कधी आडकाठी केली नाही. "गिटार तीच, हात तेच," ती म्हणायची. "बसून वाजवतेस कुठे, ते तू आणि देव बघून घ्या."

भीती होती ती त्याचीच. जिनं कधी काही नाकारलं नव्हतं, तिच्याकडून न विचारता घेतलं होतं.

मार्चात स्टुडिओत तिसरा दिवस होता. नऊ गाणी झाली होती, दहावं काही केल्या जमेना. सगळे जेवायला थांबले. ढोलवाला विल्बर्ट पावात मांस घालून खात होता. अर्झेटा करंगळीत बाटलीचा कापलेला गळा अडकवून उगाच खालच्या तारेवर फिरवत बसली होती आणि तारेतून मम्मा निघाली. मुद्दाम नाही. बोट वर गेलं, अडखळलं, सुटलं. तिच्याही तोंडून तोच सूर निघाला. विल्बर्टनं पाव खाली ठेवला आणि काठ्या उचलल्या. काचेपलीकडे डबनं टेप सुरू केली.

तिथवर चूक म्हणता आली नसती. पण मग डब आत आला आणि म्हणाला, "याला शब्द घाल. बिनशब्दांचं कोण वाजवणार?" आणि तिनं घातले. पावाच्या पिशवीवर, दहा मिनिटांत लिहिले: दार लोटून गेलास, कडी मी लावली नाही. तिला तिचा भाऊ एझेल आठवला होता. एकोणिसाव्या वर्षी कोल्डवॉटर नदीत गेला तो. मम्माचं कण्हणं त्या वर्षापासूनच इतकं खाली गेलं, असं तिला पक्कं वाटायचं. एकदाच गायली, आणि गाणं संपल्यावर काचेपलीकडचं कुणी हललं नाही. आजवर टेपवर गेलेलं आपलं सगळ्यांत चांगलं काम हे, हे तिला तिथेच कळलं.

रेल्वेच्या फाटकापाशी मालगाडी आडवी आली. तीही रांगत. पुढच्या ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि सिगारेट पेटवली. अर्झेटा डबे मोजू लागली आणि साठाच्या पुढे चुकली. तिनं गाडीतला रेडिओ लावला, लगेच बंद केला, पुन्हा लावला. बारा वाजून दहा मिनिटं. कुणीतरी साबणाची जाहिरात करत होतं. मालगाडी मध्येच थांबली. पूर्ण थांबली.

"काय झालं?" तिनं खिडकीतून डोकं काढून विचारलं.

"मला काय माहीत?" ट्रकवाला म्हणाला. "देवाची मर्जी नाहीतर ड्रायव्हरचं जेवण."

फाटक उघडलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

ती पिस्गाला पोचली तेव्हा एकला सात मिनिटं कमी होती. चर्चच्या मागे चिनाबेरीच्या झाडाखाली बाकं मांडली होती आणि माणसं ताटल्या घेऊन बसली होती. तिला हाका मारणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवत ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. आत तेलाचा धूर कोंडला होता. दोन मोठ्या कढयांपुढे दोन बायका घामानं निथळत होत्या, आणि टेबलापाशी मम्मा कोपरापर्यंत मक्याच्या पिठात हात घालून माशाचे तुकडे घोळवत होती. फळीवर रेडिओ चालू होता.

"बघा, बघा, कोण आलंय!" सिस्टर ओरा पेग कढईपाशी उभी होती, तिच्या आवाजाला चर्चमध्येही माइक लागत नसे. "मेम्फिसची राणी! माशाचा वास पन्नास मैल जातो वाटतं?"

"काय गं, डोक्याला काय बांधलंयस?" दुसऱ्या कढईपाशी काटकुळी सिस्टर मोझेल होती. "टोळ बसलेत का केसांत?"

"मम्मा, जरा बाहेर ये," अर्झेटा म्हणाली.

मम्मानं वर पाहिलं. "हात बघ माझे."

"दोन मिनिटं फक्त."

"दोन मिनिटांत तेल जळतं. काय ते इथेच सांग. इथे परकं कोण आहे?"

"मम्मा, ऐक ना."

"कुणी गेलं का?"

"नाही."

"तू आजारी आहेस?"

"नाही, मॅम." आईलाही मॅम म्हणायची तिकडची रीत.

"मग मासे आधी."

अर्झेटा फळीपाशी गेली आणि तिनं रेडिओ बंद केला.

"ए पोरी!" सिस्टर ओरा कढईतला काटा उगारून वळली. "आता ब्रदर कॅनन लागेल. चालू कर बघू."

"डोकं दुखतंय माझं."

"मग ओलं फडकं बांध. माझं डोकं त्या माणसाच्या आवाजानंच दुखायचं थांबतं. नवऱ्याच्या आवाजानं सुरू होतं ना!"

मोझेल खिदळली. ओरा दोन पावलांत फळीपाशी आली आणि तिनं रेडिओ पुन्हा चालू केला. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. अर्झेटा मम्माच्या शेजारी जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या बाहीला पीठ लागलं. मम्मा, मी तुझं कण्हणं घेतलं. एवढंच वाक्य होतं. ते तिनं गाडीत वीसदा म्हटलं होतं.

"मम्मा," ती म्हणाली, "माझं नवं गाणं लागणार आहे आता. रेडिओवर."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिचं तिलाच कळेना, आपण हे काय केलं.

"आणि हे आम्हाला आत्ता सांगतेस?" ओरानं आवाज शेवटापर्यंत वाढवला आणि मागच्या दारातून ओरडली, "या रे सगळे! झेटाचं गाणं लागतंय! ताटल्या घेऊनच या!"

माणसं दारात दाटली. एल्डर ग्रेडी मानेला नॅपकिन तसाच खोचलेला घेऊन आत आले. मम्माच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, ते अर्झेटानं पाहिलं आणि ती दाराकडे वळली. पळून जायचं तर दारही माणसांनी भरलेलं.

ब्रदर कॅननचा मधाळ आवाज आला. मिसिसिपीची आपली अर्झेटा टॉलिव्हर, म्हणाला. एका भगिनीचं हृदय फोडून गेलेल्या पुरुषाचं गाणं, म्हणाला. मग गिटार.

पहिल्या सुराला कुणाला काही कळलं नाही. विल्बर्टचा ढोल पडला तशी दोघातिघांनी टाळी धरली. मग सूर वर चढला, अडखळला आणि सुटला. मम्माचे हात पिठात थांबले.

थांबले ते फार नाही. अर्झेटा एकेक श्वास मोजत होती, चौथ्या श्वासाला ते पुन्हा हलू लागले. एक तुकडा उचलला, घोळवला, ठेवला. दुसरा उचलला. हसू कुठे गेलं ते दिसलं नाही, कारण मम्मानं मान खाली घातली होती. दार लोटून गेलास, अर्झेटाचा आवाज फळीवरून गात होता, कडी मी लावली नाही.

"लुवेनिया," मोझेल हळूच म्हणाली, "हे तर तुझं आहे."

"माझ्या देवा!" ओरानं काटा हवेत नाचवला, तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "लुवेनियाचं कण्हणं! मेम्फिसच्या रेडिओवर! आपल्या बाकावरचं!"

मग तर टाळ्यांनी छप्पर उचललं. गाणं संपल्यावरही थांबेनात. एल्डर म्हणाले, उद्या वेदीवरून जाहीर करू. कुणी मम्माच्या पाठीवर थोपटलं, कुणी अर्झेटाच्या गालाचा मुका घेतला. एकजणही तिला वाईट बोललं नाही. कुणी बोललं असतं तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"ओरा," मम्मा म्हणाली, "पिठात मीठ कमी पडलंय. इकडे दे."

त्यानंतर चार वाजेपर्यंत मम्मानं मासे घोळवले, भांडी घासली, टेबल पुसलं. अर्झेटा भांडी विसळत शेजारी उभी होती. मम्मा तिच्याशी बोलत नव्हती असं नाही. ते पातेलं दे, म्हणायची. फडकं पीळ, म्हणायची. रोजच्यासारख्याच आवाजात. त्या आवाजात काही सापडेल म्हणून अर्झेटा दर वेळी कान टवकारायची, आणि काहीच सापडायचं नाही.

घरी पोचल्यावर मम्मा ओसरीवरच्या खुर्चीत बसली आणि तिनं बूट काढले. अर्झेटा पायरीवर बसली.

"ते शब्द कुणाचे?" मम्मानं विचारलं.

"माझे."

"कुठल्या पुरुषाचं म्हणतोय तो रेडिओवाला?"

"तसा कुणी नाही, मम्मा. मला एझेल आठवला होता. तुझं ते एझेलसाठी आहे असं मला वाटायचं. लहानपणापासून."

मम्मानं पायाची बोटं दाबली. "एझेलसाठी नव्हतं ते."

"मग कशासाठी?"

"ते सांगायचं असतं तर मीच शब्द घातले नसते का त्यात?"

समोरच्या रस्त्यावरून कुणीतरी गाडीतून हात केला. मम्मानंही केला.

"मी विचारायला हवं होतं," अर्झेटा म्हणाली. "मला तीन महिने सांगायचं होतं. भीती वाटली."

"हं."

"रागाव ना माझ्यावर. मार पाहिजे तर."

"राग आला असता तर बरं होतं, बाळा. राग मला निस्तरता येतो." तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "मघाशी मासे घोळवताना मी ते मनात धरून बघितलं. रोज धरते, भांडी घासताना, झोपायच्या आधी. धरायला गेले तर तुझी ती कडी ऐकू आली. पुन्हा धरलं, पुन्हा कडी. मागे तो ढोल. माझं मला सापडेना."

अर्झेटानं तिचा पाय धरला. मम्मानं तो काढून घेतला नाही, पण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. "डोकं धू," ती म्हणाली. "तेल गळतंय मानेवर."

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी म्हाताऱ्या बायका पुढच्या बाकावर बसल्या. अर्झेटा कोपऱ्यात गिटार मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचं सगळं अंग कानांत गोळा झालं होतं. ओरानं सुरुवात केली. मोझेल तिच्याखाली शिरली. मग खालची जागा आली, जिथून मम्माचा सूर यायचा. दोघी त्या जागेभोवती घुटमळत राहिल्या. मम्मा हात मांडीवर जुळवून समोर बघत होती. ओठ मिटलेले, आणि छाती शांत.

त्या रविवारीच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. अर्झेटा रात्री मेम्फिसला परतताना गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला बसायची. आणि गाणं तर सगळीकडे होतं. पेट्रोल भरायला थांबावं तर पंपावरचा माणूस ते शिटीवर वाजवायचा. न्हाव्याच्या दुकानात, कपड्यांच्या दुकानात, शेजारच्या खिडकीत. ज्यांनी मम्माला कधी पाहिलं नाही अशी माणसं तिचं ते अडखळणं बरोब्बर अडखळत म्हणायची. एका गुत्त्यात लोकांनी टेबलं बडवून तेच गाणं मागितलं. अर्झेटा दुसऱ्या ओळीपर्यंत गेली, मध्येच थांबली आणि तिनं विल्बर्टला खूण करून दुसरंच गाणं सुरू केलं. बाटल्या फुटल्या त्या दिवशी.

सप्टेंबरात ती डबच्या स्टुडिओत गेली. मोठी तबकडी छापायला जाणार होती, दहा गाण्यांची.

"ते काढ त्यातून," ती म्हणाली.

"कुठलं ते?"

"तुला माहितीय कुठलं."

डबनं चष्मा काढून डोळे चोळले. "झेटा, लोक त्या एका गाण्यासाठी ती तबकडी घेणार आहेत. तू म्हणतेस, लग्न कर पण नवरी वगळ."

"बाकीची नऊ मीच गायलीत ना? ती ऐकतील."

"आणि नाही ऐकली तर?"

"तर नाही ऐकली."

"तुझी आई म्हणाली का काढ म्हणून?"

"नाही."

"मग?"

ती खुर्चीवरून उठली नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत तशीच बसली, आणि शेवटी डबनं शिव्या देत यादीवरचं नाव खोडलं. तबकडी नऊ गाण्यांची निघाली. बरी चालली, फार नाही. समुद्रापारच्या एका पोरानं पत्रात लिहिलं की सगळ्यांत चांगलं गाणं गाळायला तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का.

तबकडी तिनं मम्माला नेऊन दिली. मम्मानं मागची गाण्यांची यादी बोट ठेवून वाचली, पुन्हा वाचली.

"ते नाही यात."

"नाही, मॅम. काढलं."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मी मागितलं होतं?" मम्मा रागानं नाही, खरंच विचारत होती. "एकदा गेलं ते गेलं, झेटा. तू ते तबकडीवरून काढलंस, पंपावरच्या माणसाच्या तोंडून कसं काढशील? उगाच स्वतःला उपाशी मारलंस." मग म्हणाली, "पण विचार केलास. तेवढं मी बघितलं." आणि तिनं तबकडी कपाटात बायबलशेजारी उभी ठेवली. ती वाजवली का कधी, हे अर्झेटानं विचारलं नाही.

नाताळ झाला. मम्मा थकल्यासारखी दिसू लागली. खाणं कमी झालं. डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे सगळं ठीक आहे. मोझेलनं एकदा अर्झेटाला भांडी घासताना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "ती प्रार्थनेला बसते आणि नुसतीच बसते गं. मी विचारलं तर म्हणते, वाट बघतेय. मी म्हटलं, कसली? तर म्हणते, दुसऱ्याची." त्या रात्री अर्झेटाला झोप लागली नाही. बहात्तराव्या वर्षी कुणाला दुसरं कण्हणं सापडतं का? आणि नाहीच सापडलं तर?

फेब्रुवारीतला रविवार होता. बारीक, बर्फासारखा गार पाऊस पडत होता, त्यामुळे पुढच्या बाकावर चौघीच आल्या होत्या. अर्झेटा कोपऱ्यात गिटारच्या तारा जुळवत होती. ओरानं कण्हणं धरलं. मोझेल शिरली. मग थोडा वेळ नुसता छपरावरचा पाऊस.

आणि एक सूर आला. खालून नाही, वरून. पातळ, चाचपडत, अंधारात भिंतीवरून हात फिरवावा तसा. अर्झेटानं आधी ओळखलाच नाही. तिला वाटलं कुणी परकी बाई आलीय. मान वर केली तर मम्माचे डोळे मिटलेले होते आणि गळ्याची शीर हलत होती. सूर एक पायरी खाली उतरला, थांबला, बाजूला सरकला. जुन्याचा त्यात मागमूस नव्हता. ओरा आणि मोझेल दोघी आपापले सूर बारीक करून त्याला जागा देत होत्या.

अर्झेटाला रडू आलं. आणि रडता रडताच तिनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोट तारेवर होतं. त्या सुराच्याच जागी, अगदी बरोबर. तिनं ते तिथे ठेवलं नव्हतं.

तिनं हात झटक्यानं उचलला. पण कान कसे उचलणार? सूर पुन्हा पहिल्यापासून येत होता, आणि दुसऱ्यांदा ऐकताना तिला पुढचं वळण आधीच कळलं. तिसऱ्यांदा ऐकलं की ते कायमचं तिचं होणार, हे तिला आपल्या कानांच्या सवयीवरून ठाऊक होतं. तिनं गिटार भिंतीला टेकवली आणि बाकांच्या मधून, खोलीतून बाहेर येणाऱ्या एल्डर ग्रेडींच्या अंगावरून, ती जवळजवळ धावत दाराबाहेर गेली.

भिंतीतूनही ऐकू येत होतं. ती चिनाबेरीच्या उघड्या झाडापर्यंत गेली. तरीही येत होतं. मग ती थेट रस्त्यावर गेली, जिथे ट्रकच्या चाकांखाली पाणी फरफरत होतं आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं. कोट आत राहिला होता. ती दोन्ही कानांवर हात ठेवून उभी राहिली. एका ट्रकवाल्यानं वेग कमी करून काच खाली केली, "बाई, बरं आहे ना सगळं?" तिनं मानेनं हो म्हटलं.

ढोल सुरू झाला तेव्हा ती परत आली. पहिलं गाणं तिच्याशिवायच सुरू झालं होतं. एल्डरांनी भुवया चढवून पाहिलं. ती ओल्या बोटांनी गिटार उचलून मध्येच शिरली.

उपासना संपल्यावर मम्मा दारापाशी तिची वाट बघत होती. रंग जरा परत आल्यासारखा दिसत होता.

"कुठे गेली होतीस?"

"बाहेर."

"पाऊस होता."

"हो, मॅम."

मम्मानं तिच्याकडे डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं. मग आपल्या गळ्यातला लोकरीचा रुमाल सोडला आणि लहान पोराचं पुसावं तसं तिचं डोकं, मान, कान खसाखसा पुसले, दुखेपर्यंत.

"पुढच्या रविवारी जाशील तेव्हा," मम्मा म्हणाली, "छत्री घेऊन जा."